नेट येत नाही म्हणजे नेमके काय होत नाही?

लिनक्स बसवून झाले. संगणक सुरू होतो, पडदा स्वच्छ दिसतो, मराठी अक्षरेही नीट उमटतात. मग ब्राउझर उघडावा, तर पान काही येत नाही. कोपऱ्यातल्या चिन्हावर फुली असते. कधी कधी तर तीही नसते. सगळे ठीक असल्याचे चिन्ह दिसते आणि तरी पान येत नाही. अशा वेळी बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. आधी संगणक बंद करून पुन्हा चालू करतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर लिनक्स पहिल्यापासून पुन्हा बसवतात. पहिल्या उपायाने कधी कधी खरोखरच काम होते. दुसऱ्याने सहसा होत नाही, कारण पहिल्यांदा जे कमी होते ते दुसऱ्यांदाही कमीच असते.

हा प्रश्न आता शाळांपुढे वारंवार येणार आहे. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. साधारणपणे २०१८ पूर्वीचे संगणक या अटीत बसत नाहीत. शाळांच्या संगणक-खोल्यांत असे संगणक पुष्कळ आहेत. यंत्र म्हणून ते धडधाकट असतात आणि लिनक्सवर आणखी काही वर्षे सहज चालू शकतात. पण नेट आले नाही की दुरुस्तीला आलेला माणूस “सर, यावर लिनक्स चालत नाही, भंगारात काढा” असे सांगून मोकळा होतो, आणि वीस संगणकांची खोली कुलूपबंद होते. कारण एखादी सैल तार असते, किंवा न मिळालेली एक छोटी फाइल. ते कारण शोधायला बहुधा अर्धा तास पुरतो. तो कसा वापरावा एवढाच या लेखाचा विषय आहे.

दिवाळीतील दिव्यांची माळ लागली नाही तर आपण काय करतो? सगळे दिवे बदलत बसत नाही. टेस्टर घेतो, पिनेपासून सुरुवात करतो आणि वीज कुठपर्यंत पोहोचते ते पाहतो. जिथपर्यंत पोहोचते त्याच्या अलीकडचे सगळे एकदम संशयातून मुक्त होते. नेटचेही तसेच आहे. आपल्या संगणकातील नेटवर्क कार्ड, ते ओळखणारी आज्ञावली, राउटरपर्यंतची तार किंवा वायफाय, राउटरने दिलेला पत्ता, राउटरच्या पलीकडचा रस्ता, संकेतस्थळाच्या नावाचे आकड्यांत होणारे रूपांतर, आणि सर्वांत शेवटी ब्राउझरची स्वतःची तपासणी, अशी ही माळ आहे. “नेट येत नाही” हे यांतल्या कोणत्याही दिव्याबद्दल म्हणता येते, म्हणून त्या वाक्याने काहीच कळत नाही.

आपला टेस्टर म्हणजे टर्मिनल, आज्ञा टाइप करण्याची काळी खिडकी. शिक्षकांना तिची उगीच धास्ती वाटते. खाली सांगितलेल्या आज्ञा केवळ पाहण्याच्या आहेत. त्यांनी काहीही बिघडत नाही. येथे त्या देवनागरीत छापल्या आहेत, पण टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरे आणि इंग्रजी आकडे वापरावेत, आणि दोन शब्दांत एक जागा सोडावी.

पहिली आज्ञा ‘आयपी ए’. ती दिल्यावर संगणकाला माहीत असलेल्या सगळ्या जोडण्यांची यादी येते. पहिले नाव ‘एलओ’ असते आणि त्यापुढे १२७.०.०.१ हा पत्ता. ही संगणकाची स्वतःशीच असलेली जोडणी. ती नेहमीच चालू असते, तिच्यावरून काही निष्कर्ष काढू नये. पुढे ‘ईएन’ने सुरू होणारे नाव दिसले तर ते तारेचे कार्ड, ‘डब्ल्यूएल’ने सुरू होणारे वायफायचे. ‘ईएनपी३एस०’ असले विचित्र नाव पाहून बिचकायला नको. तिसऱ्या मार्गावरील शून्याव्या खाचेतील इथरनेट एवढाच त्याचा अर्थ. जुन्या पुस्तकांत ‘ईटीएच०’ असे सुटसुटीत नाव असते, पण दोन कार्डे असली की कोणते शून्य आणि कोणते एक हे दर वेळी बदलू शकत असे. म्हणून २०१३ च्या सुमारास कार्डाच्या जागेवरून नाव देण्याची पद्धत आली.

तारेच्या कार्डापुढे ‘नो-कॅरिअर’ असे लिहिलेले असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. तारेवर समोरून कोणताही संकेत येत नाही असे कार्ड सांगत आहे. केबल काढून घट्ट बसवावी, दुसरी लावून पाहावी, पोर्टजवळचा छोटा दिवा लागतो का ते पाहावे. याला लिनक्स जबाबदार नसते.

यादीत ‘डब्ल्यूएल’ नावच नसेल तर मात्र प्रकरण रंजक होते.

आधी कार्ड संगणकात आहे याची खात्री करावी. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा आतील फलकांची यादी देते, ‘एलएसयूएसबी’ ही यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची. वायफायची चिप येथे दिसते पण ‘आयपी ए’मध्ये दिसत नाही, तर अर्थ स्पष्ट आहे. वस्तू हजर आहे, तिच्याशी बोलता येत नाही. याचे नेहमीचे कारण म्हणजे फर्मवेअर नसणे.

वायफायची चिप हाच एक लहानसा संगणक असतो. पण पुष्कळ चिपांमध्ये स्वतःचा कार्यक्रम साठवून ठेवलेला नसतो. वीज मिळाली की त्या कोऱ्या असतात. मुख्य संगणकाने दर वेळी त्यांच्यात कार्यक्रम भरावा लागतो. हाच तो फर्मवेअर. तो चिप बनवणाऱ्या कंपनीचा असतो आणि त्याची मूळ संहिता कंपनी सहसा उघड करत नाही. लिनक्सच्या अनेक वाटपांचा, विशेषतः डेबियनचा, आग्रह असा की आम्ही देऊ ते सर्व खुले असावे. त्यामुळे डेबियनच्या अधिकृत चकतीत हे कार्यक्रम वर्षानुवर्षे नसत. तत्त्व चांगले होते, पण त्याचा फटका नेमका नवख्याला बसे. २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदान करून हा नियम बदलला, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून अधिकृत चकतीतच फर्मवेअर मिळू लागला. आम्हाला हा निर्णय योग्य वाटतो. वर्गात बसलेल्या मुलांना तत्त्व समजावून सांगायचे तरी त्यासाठी संगणक आधी चालू हवा.

तरीही अडचण पूर्ण संपलेली नाही. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या वायफाय चिपांचा फर्मवेअर वाटण्याची परवानगीच डेबियनला नाही. त्यामुळे डेबियन देते ते फक्त एक छोटे पॅकेज, आणि ते पॅकेज फर्मवेअर कोठून आणते? इंटरनेटवरून! नेट येण्यासाठी फाइल हवी आणि फाइल येण्यासाठी नेट हवे, असा हा तिढा आहे. आपल्याकडे नेमके हेच आहे का, ते ‘डीमेसेज’ या आज्ञेने कळते (अक्षरे डी, एम, ई, एस, जी, काही वाटपांत तिच्याआधी ‘सुडो’ लिहावे लागते आणि आपला पासवर्ड द्यावा लागतो). कर्नलने सुरू झाल्यापासून केलेल्या नोंदी तीत दिसतात. त्यांत ‘फर्मवेअर’ आणि ‘फेल्ड’ हे शब्द एकाच ओळीत सापडले की निदान झाले. त्या ओळीत हव्या असलेल्या फाइलीचे नावही दिलेले असते. ते वहीत जसेच्या तसे उतरवून घ्यावे.

तिढा सोडवायचा सर्वांत सोपा मार्ग आपल्या खिशात असतो. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने संगणकाला जोडावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. लिनक्सला तो फोन तारेच्या कार्डासारखा दिसतो आणि त्यासाठी सहसा वेगळे काही बसवावे लागत नाही. फोनमधील डेटा किंवा बऱ्याच फोनमध्ये फोनला मिळणारे वायफायही अशा रीतीने संगणकाला पोहोचते. एवढ्या उसन्या जोडणीवर फर्मवेअर उतरवून घ्यावा, संगणक पुन्हा चालू करावा आणि फोन परत खिशात ठेवावा. केबल मात्र माहिती वाहणारी हवी. काही स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात, आणि त्यांच्यापायी माणूस तासभर भलतीकडेच शोधत राहतो.

कार्ड दिसते, पण वायफाय चालू होत नाही, असेही होते. ‘आरएफकिल’ ही आज्ञा रेडिओ बंद केला आहे का ते सांगते. ‘सॉफ्ट’ बंदी आज्ञेने उठते. ‘हार्ड’ बंदी म्हणजे लॅपटॉपच्या कडेची सरकती कळ किंवा कळफलकावरील वायफायची कळ. ती बोटानेच उठवावी लागते, आज्ञेने नाही.

आता कार्ड चालते, राउटरशी गाठ पडली, असे धरू. ‘आयपी ए’ पुन्हा द्यावी आणि कार्डाखाली १९२.१६८. किंवा १०. ने सुरू होणारा चार भागांचा आकडा आहे का ते पाहावे. हा संगणकाचा पत्ता. तो संगणक स्वतः ठरवत नाही, राउटरकडे मागतो. मागणी, देकार, स्वीकार आणि पोच असे चार निरोप होतात आणि पत्ता काही काळापुरता मिळतो. पत्ताच नसेल, किंवा १६९.२५४. ने सुरू होणारा असेल, तर मागणीला उत्तर आलेले नाही. (१६९.२५४ हा कुणी न दिल्यावर संगणकाने स्वतःच घेतलेला तात्पुरता पत्ता होय.) येथे शाळेतील राउटरची क्षमताही पाहावी. त्याला १०० ते १४९ एवढेच क्रमांक वाटायला सांगितले असतील तर ते पन्नास होतात. वीस संगणक आणि शिक्षकांचे तीस फोन आले की एकविसाव्या संगणकाला पत्ता मिळत नाही, मग त्यावर लिनक्स असो की आणखी काही.

आणखी एक कारण लिनक्सशी संबंधित वाटते, पण नसते. काही ठिकाणी राउटर नसतो. केबलवाल्याची तार थेट संगणकात येते, आणि जोडणीसाठी वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड लागतो. ते विंडोजमध्ये कुणीतरी कधीकाळी एकदा भरलेले असतात. विंडोज पुसले की तेही पुसले जातात. हीच गोष्ट हाताने भरून ठेवलेल्या पत्त्यांची. म्हणून जुनी प्रणाली पुसण्यापूर्वी हे सर्व वहीत लिहून घ्यावे. ज्यांनी आधीच पुसले आहे त्यांनी सेवा देणाऱ्याला फोन करावा. दुसरा इलाज नाही.

पत्ता मिळाला की ‘आयपी आर’. यात ‘डीफॉल्ट व्हाया’ने सुरू होणारी ओळ हवी. बाहेर जाणारे सगळे कोणाच्या हाती द्यायचे ते ती सांगते, आणि तो बहुधा राउटरचाच पत्ता असतो. अशा ओळी दोन असल्या तर शेवटी ‘मेट्रिक’चा आकडा पाहावा, लहान आकड्याची वाट आधी निवडली जाते. नेटवर्क मॅनेजर हा नेहमीचा व्यवस्थापक तारेला १०० आणि वायफायला ६०० असा आकडा देतो. एका शाळेत आम्ही याचा मासला पाहिला. वायफाय उत्तम चालत होते, चिन्हही पूर्ण होते, पण पान येत नव्हते. संगणकाच्या मागे एक केबल होती. तिच्या दुसऱ्या टोकाचा जुना राउटर अजून पत्ते वाटत होता, पण त्याची बाहेरची जोडणी केव्हाच बंद झाली होती. संगणक आज्ञाधारकपणे सगळे त्या मृत वाटेने पाठवत होता. केबल उपसली आणि पान आले.

आता ‘पिंग’. पाणबुडीतील सोनारच्या आवाजावरून हे नाव पडले. अमेरिकेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये नेटवर्कचा एक गोंधळ शोधताना हा कार्यक्रम लिहिला. तो समोरच्या पत्त्यावर लहानसा निरोप टाकतो, प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो, आणि कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबेपर्यंत हेच करत राहतो. आधी ‘डीफॉल्ट व्हाया’नंतरच्या पत्त्यावर पिंग करावे. उत्तर आले तर राउटरपर्यंतची माळ ठीक आहे. मग ८.८.८.८ वर करावे. हा गूगलने २००९ पासून सर्वांसाठी खुला ठेवलेला पत्ता लक्षात ठेवायला सोपा आहे. राउटर उत्तर देतो आणि ८.८.८.८ देत नाही, तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडचा. संगणकाला हात लावू नये. बहुधा म्हणण्याचे कारण असे की काही महाविद्यालयांच्या जाळ्यात पिंगचे निरोप मुद्दाम अडवलेले असतात. उत्तर आले तर वाट चालू असल्याचे ते पक्के प्रमाण. उत्तर आले नाही तर मात्र वाट बंद असल्याचे ते तितके पक्के प्रमाण नव्हे. प्रयोगवहीत ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ यांत आपण जो फरक करतो तोच हा.

विज्ञानाच्या शिक्षकांना पिंगमध्ये एक छोटे गणितही सापडेल. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एक हजारांश सेकंदात २०० किलोमीटर. जाणे-येणे धरता, उत्तराला लागलेल्या प्रत्येक हजारांश सेकंदामागे समोरचा संगणक जास्तीत जास्त १०० किलोमीटर दूर असू शकतो. ८.८.८.८ कडून ५ हजारांश सेकंदांत उत्तर आले तर ते देणारे यंत्र ५०० किलोमीटरच्या आतच आहे, अमेरिकेत असणे शक्य नाही. आणि खरोखरच, तो एकच पत्ता अनेक देशांतील यंत्रे मिळून चालवतात. बहुधा जवळचे यंत्र उत्तर देते.

८.८.८.८ उत्तर देते, तरी ब्राउझर पान दाखवत नाही. आता ‘पिंग विकिपीडिया.ऑर्ग’ देऊन पाहावे. आकड्याला उत्तर आणि नावाला नाही, तर निदान पक्के. नावाचा आकडा करून देणारी व्यवस्था पोहोचत नाही. १९८३ पूर्वी जगातील सगळ्या जोडलेल्या संगणकांची नावे एका फाइलीत असत आणि ती फाइल स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतून उतरवून घ्यावी लागे. संगणक वाढले तशी ती आवरेनाशी झाली, आणि पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची वाटून दिलेली व्यवस्था, डीएनएस, त्या वर्षी मांडली. त्या जुन्या फाइलीचा वंशज ‘होस्ट्स’ या नावाने प्रत्येक लिनक्समध्ये आजही आहे. उपाय सोपा आहे. जोडणीच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ भरावा, आणि जोडणी एकदा बंद करून चालू करावी.

नावालाही उत्तर येते, पण ब्राउझर म्हणतो ही जोडणी सुरक्षित नाही. अशा वेळी ‘डेट’ ही आज्ञा द्यावी. जुन्या संगणकांत हे फार आढळते. बंद संगणकात घड्याळ चालू ठेवणारी बटणासारखी ३ व्होल्टची बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत वैध असे लिहिलेले असते. २०१२ सालात जगणाऱ्या संगणकाच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलेच नसते. लिनक्सची नवी पॅकेजे उतरवतानाही अशीच तक्रार येते. जोडणी मिळाली की लिनक्स सहसा घड्याळ आपोआप लावते, पण शाळेच्या जाळ्यात ती वाट बंद असेल तर लावू शकत नाही. बॅटरीवर सीआर२०३२ असा क्रमांक असतो आणि ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. तारीख बरोबर पण वेळ ५ तास ३० मिनिटांनी चुकते, असे असेल तर बॅटरी ठीक आहे. विंडोज आतले घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवते आणि लिनक्स जागतिक वेळेवर. एकाच संगणकावर दोन्ही असली की ती एकमेकांचे घड्याळ बिघडवत राहतात.

हे सगळे नववी-दहावीच्या मुलांना एका तासात शिकवता येते, आणि व्याख्यानाने नव्हे. चार चालू संगणक घ्यावेत. मुले बाहेर असताना एकाची केबल अर्धी सैल करावी, दुसऱ्याच्या डीएनएसच्या रकान्यात भलताच आकडा भरावा, तिसऱ्यावर ‘आरएफकिल’ने वायफाय बंद करावे, चौथ्याचे आपोआप घड्याळ लावणे बंद करून तारीख दहा वर्षे मागे न्यावी. प्रत्येक गटाला एक संगणक आणि एक कोरा कागद द्यावा. नियम एवढाच की कोणतीही गोष्ट बदलण्यापूर्वी आतापर्यंत काय काय ठीक आढळले ते कागदावर लिहिलेले हवे. सैल केबल दोन मिनिटांत सापडते. चौथ्या संगणकाला मात्र वेळ द्यावा लागतो, कारण पडद्याच्या कोपऱ्यात तारीख दिसत असूनही तिच्याकडे लवकर कुणाचे लक्ष जात नाही.